हँग झाला म्हणजे नेमके काय झाले?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, अठरा दिवस उरले होते. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या चिरेबंदी घरात, एके काळी भाताची कोठी असलेल्या खोलीत, दोन घुमटे (मातीच्या घड्याला कातडे ताणून केलेली वाद्ये), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य), कासाळ्यांची (झांजांची) एक जोडी आणि ती वाजवणारी-गाणारी सात माणसे दाटीवाटीने बसली होती. बाहेर पावसाने थोडी उसंत दिली होती आणि ती संपण्यापूर्वी आरतीची तीन कडवी रेकॉर्ड करून पदरात पाडून घ्यावीत असा माझा बेत होता. कारण दीड हात रुंद चिऱ्याच्या भिंती रस्त्यावरच्या मोटारसायकलींना अडवतात, पण कौलांवर कोसळणाऱ्या पावसाला अडवत नाहीत. पावसाळी हवेत घुमटाचे कातडे सैल पडते, म्हणून मंडळींनी घुमटे आधी चुलीजवळ धरून शेकून आणली होती, आणि शेकलेले घुमट फार वेळ ताणलेले राहत नाही. सगळे जमून आले होते. दुसरे कडवे संपून सुवारी (या सगळ्या वाद्यांचे एकत्र वादन) रंगात आली, काकांचा डावा तळवा घुमटाच्या उघड्या तोंडावर मिटू-उघडू लागला, आणि तेवढ्यात माझ्यासमोरचा संगणकाचा पडदा काळा झाला.

‘‘कितें जालें रे?’’ काकांनी हात न थांबवता विचारले.

‘‘हँग जालो, काका,’’ मी म्हणालो.

एकेक वाद्य थांबत गेले. सगळ्यांत शेवटी कासाळी थांबली, कारण ती वाजवणाऱ्या मुलाने डोळे मिटलेले होते. संगणक पुन्हा सुरू होऊन रेकॉर्डिंगला तयार होईपर्यंत कौलांवर पाऊस आला होता, आणि त्या संध्याकाळी मग चहाशिवाय काही झाले नाही.

त्या दिवशी मी दिलेले उत्तर चुकीचे होते. आठ महिने मी तेच उत्तर सगळ्यांना देत आलो होतो आणि स्वतःलाही तेच सांगत आलो होतो. जत्रेला आणि काल्याला गावोगाव जी मराठी नाटके होतात त्यांचे पार्श्वसंगीत करणे, कधी नाट्यस्पर्धेसाठी, कधी एखाद्या भजनी मंडळासाठी रेकॉर्डिंग करणे, हा माझा जोडधंदा आहे आणि तो सारा एकाच संगणकावर चालतो. हा संगणक अधूनमधून ‘हँग’ व्हायचा. गाणे ऐकताना आवाज तडतडला तर मी म्हणायचो हँग झाला. सॉफ्टवेअर आपोआप मिटून डेस्कटॉपवरचा घरच्या गणपतीचा फोटो दिसू लागला तरी हँग झाला. आणि सबंध यंत्रच काळे पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागले तरीही हँगच झाला. मराठीने इंग्रजीकडून घेतलेल्या या एका शब्दात यंत्राचे सगळे आजार मावतात, आणि म्हणूनच तो शब्द दुरुस्तीच्या काही कामाचा नाही. लहानपणी मला पेटी शिकवणारे गुरुजी ‘बेसूर झाले’ एवढे म्हटलेले कधी खपवून घेत नसत. कोणता स्वर, आणि चढा की उतरलेला, हे सांगितल्याशिवाय ते पुढचा शब्द काढू देत नसत. ती शिस्त मी गाण्यापुरतीच शिकलो होतो.

आठ महिन्यांत उपाय पुष्कळ झाले होते. आमच्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा हुशार आहे आणि मनापासून काम करतो, पण त्याच्या हातातले पहिले औजार खोडरबर असते. त्याने रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, फुंकर मारली आणि पुन्हा बसवल्या. गोव्याच्या दमट हवेत धातूच्या टोकांवर थर धरतो हे खरे असल्यामुळे हा उपाय अगदीच वेडगळ नाही. खोडरबराच्या कणांपेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस बरा, एवढेच. त्यानंतर पंधरा दिवस संगणक एकदाही बंद पडला नाही आणि आम्ही दोघेही खूश झालो. पुढे कळले की त्या पंधरा दिवसांत मी जड काम घेतलेच नव्हते. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा मोठा धोका हा आहे की कोणताही उपाय काही दिवस लागू पडल्यासारखा वाटतो. गंडादोरा बांधल्यावर ताप उतरतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा उपाय फॉरमॅटचा. तो का केला हे पुढे सांगतो, पण त्यात माझे तीन दिवस गेले: विंडोज नव्याने टाकणे, प्रत्येक वाद्यसंग्रह पुन्हा बसवणे, प्रत्येक प्लगिनचा (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या पुरवणी सॉफ्टवेअरचा) परवाना पुन्हा मिळवणे. चौथ्या दिवशी संध्याकाळी यंत्र पुन्हा काळे पडले.

आरतीच्या त्या फसलेल्या संध्याकाळनंतर मी मुलीची एक अर्धवट वापरलेली शंभर पानी वही घेतली. तीत प्रत्येक घटनेची वेळ, कोणती फाईल उघडी होती, किती ट्रॅक होते, काय दिसले आणि काय ऐकू आले एवढेच लिहायचे आणि कारण लिहायचे नाही, असा नियम केला. कारणाचा रकाना ठेवला असता तर मी पहिल्याच दिवशी तो भरून टाकला असता. आधीच्या महिन्यांतले जे नक्की आठवत होते तेही तारखेसकट शेवटच्या पानावर वेगळे उतरवून काढले. आठवडाभरात वहीत नव्या सतरा नोंदी झाल्या, आणि त्या एकाखाली एक वाचल्यावर उघडच दिसले की हा एक आजार नाही. तीन आजार एकाच नावाने वावरत होते.

पहिला आजार तडतडीचा. यात काहीच बंद पडत नाही. चालू सुरांत मध्येच काचेचा चुरा सांडल्यासारखा आवाज येतो. संगणक आवाज सलग वाहून नेत नाही, मापाने नेतो. आमच्या या कोठीत भाताचे माप व्हायचे तेव्हा मापाडी पायली भरून ओतायचा आणि पुढची भरायला घ्यायचा, तसेच हे काम आहे. मी ज्या दराने रेकॉर्डिंग करतो त्यात एका सेकंदाला आवाजाच्या ४८,००० नोंदी होतात आणि त्या १२८-१२८ च्या मापाने पुढे दिल्या जातात. म्हणजे एक माप भरायला प्रोसेसरला २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात माप भरले नाही तर पुढे रिकामी पायली जाते, आणि ती रिकामी पायली कानाला तड् अशी ऐकू येते. माप मोठे केले की प्रोसेसरला सवड मिळते. ५१२ नोंदींचे माप भरायला जवळजवळ १०.७ मिलिसेकंद आहेत, पण मग गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज तेवढा उशिरा ऐकू येतो, जाण्या-येण्याचा हिशेब धरला तर दुपटीहून जास्त, आणि तान घेणारा माणूस वैतागतो. म्हणून रेकॉर्डिंगला माप लहान आणि मिक्सिंगला मोठे ठेवायचे, हे या धंद्यातले सगळेच जाणतात.

माझ्या संगणकाचा प्रोसेसर मात्र दहा-बारा टक्क्यांवरच रेंगाळत असायचा आणि तरी तडतड व्हायची. हे कोडे सुटायला लेटन्सीमॉन नावाचे छोटे सॉफ्टवेअर उपयोगी पडले. विंडोज ही काटेकोर वेळ पाळण्यासाठी घडवलेली प्रणाली नाही. वायफाय, ग्राफिक्स, यूएसबी अशा प्रत्येक भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, मधूनमधून प्रोसेसरला अडवून आपले काम आधी करून घेतो, आणि एखादा उद्धट ड्रायव्हर काही मिलिसेकंद जागा अडवून बसला तर आवाजाचे माप तेवढा वेळ ताटकळते. सरासरी काम कमी असून उपयोग नसतो. खिडकीवरचा कारकून दिवसभर रिकामा असला, तरी नेमका आपल्या पाळीला चहाला गेला तर आपली खेप फुकटच जाते. लेटन्सीमॉन दहा मिनिटे चालवल्यावर यादीत सगळ्यांत वर वायफायचा ड्रायव्हर आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय बंद केले, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरला डुलकी घेऊ देणारी पॉवर प्लॅनमधली सोय काढून टाकली, आणि वहीतल्या सतरापैकी आठ नोंदींचा प्रकार त्या दिवसापासून थांबला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मी इथे मोडला, त्यामुळे या दोहोंपैकी औषध कोणते होते ते मला आजही सांगता येणार नाही. मला सुटका हवी होती.

दुसरा आजार सॉफ्टवेअर मिटून जाण्याचा. रीपर हे मी वापरतो ते सॉफ्टवेअर आपोआप बंद व्हायचे, विंडोज शाबूत असायचे आणि बाकी सगळे चालू असायचे. वहीत पाहिले तर हे फक्त दोन नाटकांच्या फाइलींत घडत होते. दोष हवा तेव्हा पुन्हा घडवता आला की अर्धे काम झाले, कारण मग त्याची वाट पाहत बसावे लागत नाही.

१९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि तेव्हापासून बाहेरच्या कोणीही बनवलेला आवाजाचा संस्कार, आणि १९९९ पासून वाद्यही, मुख्य सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन या रूपात पाहुणा म्हणून राहू शकते. पाहुणा साधारणपणे यजमानाच्याच घरात, त्याच्याच स्मृतीत राहतो. त्याने आत काही भलते केले तर विंडोज पाहुण्याला बाहेर काढत नाही, अख्खे घरच बंद करते. पाहुणे यजमानासकट बुडतात ते यामुळे.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक दप्तर असते, त्यात अशा बहुतेक मृत्यूंची नोंद सापडते. माझ्याकडच्या नोंदींत दोषाचा क्रमांक नेहमी तोच असायचा: ‘सी’, पुढे सहा शून्ये आणि शेवटी ५. त्याचा अर्थ असा, की कोणीतरी आपली नसलेली जागा वाचायला किंवा लिहायला गेले. दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिरले म्हणा. पण कोण शिरले, या प्रश्नाच्या उत्तरादाखल तिथे एनटीडीएलएल या विंडोजच्याच फाइलीचे नाव होते. ते वाचून मी विंडोज बिघडले असा निष्कर्ष काढला आणि तो तीन दिवसांचा फॉरमॅट मारला. ज्याच्या अंगणात प्रेत सापडले तोच मारेकरी, असा तो न्याय होता. स्मृतीतली गडबड एकजण करून जातो आणि कोसळतो मात्र दुसराच, जो नंतर त्या जागी पाय ठेवतो. आणि विंडोजची ही फाईल तर सगळ्यांच्याच वाटेवर असते.

खरा गुन्हेगार अर्ध्या-अर्ध्याच्या रीतीने सापडला. रीपरमध्ये सगळी प्लगिन निजलेली ठेवून फाईल उघडण्याची सोय आहे. त्या दोहोंपैकी एका नाटकाच्या फाइलीत ४६ प्लगिन होती. निम्मी जागी केली, फाईल वाजवली, कोसळली; म्हणजे चोर या निम्म्यांत. त्यांतली निम्मी जागी केली, कोसळली नाही, म्हणजे उरलेल्यांत. एकेक तपासत बसलो असतो तर ४५ वेळांपर्यंत करावे लागले असते, ते सहा फेऱ्यांत उरकले. ही युक्ती चोर एकटाच असेल तरच चालते. दोघे मिळून घोळ घालत असतील तर निम्म्यांत वाटल्यावर दोघेही साळसूद ठरतात. माझे नशीब चांगले होते. सहाव्या फेरीत एक जुने, फुकट मिळालेले रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारे प्लगिन, उरले. ज्याने ते बनवले त्याने काम सोडून बरीच वर्षे झाली होती.

मला वाईट वाटले. ते रिव्हर्ब मी दहा वर्षे वापरत होतो. देवळाच्या सभामंडपात एकट्याने टाळ वाजवली तर जो नाद लाकडी तुळयांना भिडून परत येतो तो त्याच्यात होता. महागड्या रिव्हर्बांत चर्च आहेत, युरोपातली सभागृहे आहेत, पण आमचा सभामंडप नाही. म्हणून मी त्याला हाकलले नाही, वेगळ्या घरात ठेवले. रीपरमध्ये एखादे प्लगिन स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवता येते. मग ते कोसळले तर त्या ट्रॅकचा आवाज जातो, यजमान वाचतो. आता मी त्यातून आवाज काढून घेतो, तो साध्या ऑडिओ फाइलीत उतरवतो आणि प्लगिन लगेच बंद करतो. नंतर दिग्दर्शकाने ‘‘घुमारा थोडा कमी करा’’ म्हटले की सगळे पुन्हा करावे लागते, आणि दिग्दर्शक ते म्हणतातच.

एवढे झाल्यावर वहीत उरलेल्या नऊ नोंदींपैकी तीन निकाली निघाल्या आणि सहा राहिल्या. शिवाय वही सुरू करण्याआधीच्या अशा तीन मी आठवणीने वेगळ्या लिहिल्या होत्या. या नऊ नोंदींत आरतीची संध्याकाळही होती. सबंध यंत्र काळे, मग आपोआप पुन्हा सुरू. निळा पडदा नाही, सूचना नाही. निळा पडदा आला की लोक घाबरतात, पण तो यावा असे मला या दिवसांत फार वाटायचे. निळा पडदा म्हणजे विंडोजने स्वतः ठरवून थांबणे, आणि थांबण्याआधी ते मिनिडंप नावाच्या फोल्डरमध्ये आपली जबानी लिहून ठेवते. माझा तो फोल्डर रिकामा होता. दप्तरात फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद होती, आणि ती कारण सांगत नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ‘मागच्या वेळी मी रीतसर बंद झालो नव्हतो’ असा पंचनामा तेवढा करते. बटण दाबून धरून आपणच संगणक बंद केला तरी ती नोंद पडते. तिच्यासोबतच्या दोष-क्रमांकाच्या जागी शून्य होते, म्हणजे जबानी द्यायला वेळच मिळाला नव्हता.

रॅमवर माझा संशय होताच. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, चार फेऱ्या झाल्या, एकही चूक निघाली नाही. तापमान पाहिले, जड मिक्सिंग चालू असताना ते ७१ अंशांवर थांबले. आजचा प्रोसेसर तापला तर आधी मंदावतो आणि अगदी हाताबाहेर गेले तरच बंद पडतो, तेव्हा तेही बाद झाले. तरी पंखा पुसून घेतला. मग मला वहीत एक गोष्ट दिसली, जी मी स्वतःच्या हाताने पाच वेळा लिहिली होती आणि वाचली एकदाही नव्हती: ‘स्क्रीन काळी, पण स्क्रीनचा दिवा चालू.’ संगणक आणि स्क्रीन दोन्ही एकाच यूपीएसवर होते. यूपीएसनेच मान टाकली असती तर स्क्रीनचा दिवाही विझायला हवा होता. वीज यूपीएसच्या बाहेर पडत होती. संगणकाला ती पुरत नव्हती किंवा पटत नव्हती.

त्याच आठवड्यात मी एका भजनाची साफसफाई करत होतो. दोन चरणांच्या मधल्या शांततेत, जिथे फक्त तंबोऱ्याचा नाद असतो, तिथे टक् असा एक आवाज होता. हे माझ्या रेकॉर्डिंगांत नेहमीचेच होते. जुने घर आहे, कौलाखाली पाली आहेत. पाल चुकचुकली असे धरून मी तो आवाज शोधून कापायचो, नाहीतर डी-क्लिक या असे आवाज पुसणाऱ्या प्लगिनने पुसायचो, आणि या कामात माझा हात चांगला बसला होता. त्या दिवशी मात्र त्याच भजनात तसाच दुसरा टक् आला, आणि गंमत म्हणून मी दोन्ही तुकडे एकाखाली एक ठेवून मोठे करून पाहिले. एक उभी टोकदार रेघ, तिच्यामागे काही मिलिसेकंदांचे थरथरते शेपूट, मग एक लहान रेघ. दोन्ही तुकडे हुबेहूब एकसारखे होते. जिवंत प्राण्याच्या तोंडून एकच आवाज दोनदा तंतोतंत निघत नाही. पाल तर चुक्-चुक् अशी ओळीने बोलते. हे काहीतरी यांत्रिक होते. शंकेची पाल तेव्हा कुठे चुकचुकली, आणि मी टेबलाखाली वाकून यूपीएसकडे पाहिले.

साध्या यूपीएसमध्ये एक रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, असतो. बाहेरचा दाब २३० व्होल्टच्या बराच खाली गेला की तो टक् करून दाब उचलणाऱ्या वेटोळ्यावर जातो, आणि दाब आणखी पडला किंवा वीज गेली की पुन्हा टक् करून बॅटरीवर. पावसाळ्यात संध्याकाळी माडाची झावळी तारांवर पडते, घरोघर दिवे आणि पंप एकदम लागतात, आणि आमच्याकडे मल्टिमीटरवर दाब २०० च्या आसपास लटपटताना मी नंतर पाहिला. म्हणजे खोलीतला महागडा मायक्रोफोन गेले आठ महिने विजेचे प्रत्येक हेलकावे इमानाने टिपून घेत होता आणि मी ते इमानाने पुसत होतो.

सुदैवाने रीपरमध्ये कापलेला तुकडा मूळ फाइलीतून जात नाही. तो फक्त दिसेनासा होतो. मी जुन्या मूळ फाइली काढल्या. फाईल सुरू झाल्याची वेळ आणि तीत टक् कुठे येतो ते मिळवले की घड्याळातली वेळ निघते, आणि ती वहीतल्या वेळांशी ताडून पाहता येते. नऊ नोंदींपैकी सहांच्या वेळी रेकॉर्डिंग चालू होते. यंत्र अचानक बंद पडले की शेवटचे क्षण डिस्कवर उतरायचे राहून जातात, म्हणून प्रत्यक्ष मरणाचा टक् कुठल्याच फाइलीत मिळणार नव्हता. पण सहापैकी पाचांत शेवटच्या मिनिटाभरात किमान एक टक् होता. आरतीच्या फाइलीत तीन होते. सुवारीच्या गदारोळात ते ऐकू आले नव्हते. घुमटाचे खालचे स्वर गाळल्यावर ते वर आले, शामेळाच्या काठीपेक्षा बारीक आणि लयीला सोडून.

एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. टक् झाले की यंत्र दरवेळी मरत नव्हते. भजनाच्या फाइलीत तर दोनदा टक् होऊनही काही झाले नव्हते. यंत्र मरायचे ते भरपूर ट्रॅक आणि जड प्लगिन असलेल्या फाइली चालू असताना, आणि याच कारणाने मी इतके दिवस सॉफ्टवेअरला दोष देत होतो. याचे उत्तर संगणकाच्या आतल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, होते. त्यात एक मोठा कपॅसिटर असतो. नळाचे पाणी गेल्यावर दारातल्या कळशीवर घर जसे थोडा वेळ चालते, तसा हा कपॅसिटर यूपीएसला बॅटरीवर जायला लागणारे काही मिलिसेकंद भरून काढतो. नव्या एसएमपीएसने पूर्ण भार असतानाही दहाहून अधिक मिलिसेकंद तग धरावी असा संकेत आहे. माझा एसएमपीएस सात वर्षांचा होता, आणि उष्णतेने कपॅसिटर आतून सुकत जातो. कळशी आक्रसून तांब्याएवढी झाली होती. रिकाम्या बसलेल्या संगणकाला तांब्याभर पाणी पुरते, चाळीस ट्रॅकच्या नाटकाला पुरत नाही. त्यात माझा यूपीएस बॅटरीवरून जी वीज देतो ती घरच्या विजेसारखी गोल लाटेची नसून पायऱ्या-पायऱ्यांची, आणि आजचे बरेच एसएमपीएस अशा विजेवर आधीच नाराज असतात.

पटले, तरी तपासून पाहायचे होते. सगळ्या फाइलींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर काढल्या. मग संगणकावर काहीही चालू नसताना यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद केले. प्लग ओढला नाही, कारण त्याने अर्थिंगही सुटते. टक्, यूपीएसची पिपाणी, आणि संगणक शांतपणे चालू. असे पाच वेळा केले, पाचही वेळा तो वाचला. मग सगळ्यांत जड नाटकाची फाईल लावली, राजाच्या प्रवेशाचे संगीत सुरू झाले आणि मी बटण बंद केले. टक्. पडदा काळा, स्क्रीनचा दिवा चालू. आठ महिने जे अवचित येऊन माझी कामे बुडवत होते ते मी बोटाने बोलावले आणि ते आले. मी चक्क हसलो. बायको दारात येऊन उभी राहिली आणि ‘‘परत बंद पडला?’’ म्हणाली, आणि ‘‘हो, पडला एकदाचा!’’ हे माझे उत्तर तिला अजून विचित्र वाटते. तीन वेळा बोलावले, तीनही वेळा आला.

आधी नुसता एसएमपीएस बदलला, कारण दोन्ही एकदम बदलले असते तर वायफायसारखीच गत झाली असती. त्याने राजाच्या प्रवेशाच्या कसोटीत पाचपैकी चार वेळा तग धरली. उरलेली एक वेळ नेमकी आरतीच्या दिवशी येणार हे ठाऊक असल्यामुळे गोल लाटेची वीज देणारा यूपीएस घेतला, आणि मग दहापैकी दहा. खोडरबरवाल्या मुलाला सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘‘सर, एसएमपीएस मी पहिल्याच दिवशी बदला म्हटले होते.’’ म्हटले असेलही. त्या दिवशी त्याने पाच गोष्टी बदला म्हटले होते.

चवथीला सहा दिवस असताना मंडळी पुन्हा आली. संध्याकाळी सातच्या सुमारास दिवे दोनदा मंद झाले, काकांनी वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि हात थांबवला नाही. आरती पूर्ण झाली.

नवा यूपीएस खोलीत ठेवता येत नाही. त्याला पंखा आहे आणि त्याची घरघर भजनातल्या तंबोऱ्याखाली स्पष्ट ऐकू येते. म्हणून तो पडवीत ठेवला, आणि वायर आत आणायला गवंड्याकडून चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून घेतले. दीड हात भिंत, त्यामुळे अर्धा दिवस गेला. भोकात कापूस कोंबला आहे, तरी पाऊस लागला की त्यातून मुंग्या ओळीने आत येतात आणि मिक्सरच्या उबेला जाऊन बसतात. वहीत ही अठरावी नोंद आहे. कारणाचा रकाना अजून नाही.